४० ट्रॅक्टर आणि सगळ्यांचं वजन एकच: प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा रँडम आकडा कसा मिळेल?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी बेळगावात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सदलग्याकडं, ऊसपट्ट्यात. मिनी प्रोजेक्टला पायथॉनमध्ये साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची रांग करायला घेतलीय. हंगामात आमच्याकडं गाडीअड्ड्यात ट्रॅक्टर रात्रभर नंबर लावून उभे असतात, ड्रायव्हर तिथंच ट्रॉलीखाली झोपतात. एका काट्याऐवजी दोन काटे असले तर थांबायचा वेळ किती कमी होईल हे मला आकड्यांत दाखवायचं आहे.

त्यासाठी ट्रॅक्टर नावाचा क्लास केला. ४० ट्रॅक्टर तयार करायचे आणि प्रत्येकाला ८ ते २० टनांमधलं कुठलंही वजन द्यायचं, एवढंच. खरं सगळ्यांना एकच वजन येतंय. एकदा चालवलं की सगळे १३ टन, परत चालवलं की सगळे १७ टन. रँडम मॉड्यूल बिघडलंय काय?

मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो:

इम्पोर्ट रँडम

क्लास ट्रॅक्टर:
    वजन = रँडम.रँडइंट(८, २०)
    डेफ __इनिट__(सेल्फ, नंबर):
        सेल्फ.नंबर = नंबर

अड्डा = [ट्रॅक्टर(न) फॉर न इन रेंज(१, ४१)]

टिळकवाडी_कोडर

सीड (रँडम मालिका जिथून सुरू होते तो आकडा) दिलेलं नाहीस म्हणून होतंय. इनिटच्या आत पहिली ओळ रँडम.सीड(इंट(टाइम.टाइम())) टाक. वेळ सारखी बदलत असते, मग प्रत्येक ट्रॅक्टरला वेगळा आकडा येईल.

मच्छेची_अक्का

थांब, सीडला हात लावू नकोस. सीड न देता पायथॉन ते काम स्वतःच करतो, ऑपरेटिंग सिस्टीमकडून सुरुवात मागून घेतो.

तू जे वर्णन केलंयस त्यातच उत्तर आहे, ते नीट वाच. अशा वेळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. एकाच रनमध्ये आकडे सारखे येतात का? आणि दोन रनमध्ये सारखे येतात का? तुझ्याकडं एका रनमध्ये सगळे सारखे आहेत, पण रन बदलला की आकडा बदलतोय. याचा अर्थ आकडा काढणारं यंत्र व्यवस्थित चालू आहे. त्याला एकदाच विचारलं गेलंय आणि मिळालेलं एकच उत्तर ४० जणांनी वाटून घेतलंय. सीड अडकलं असतं तर याच्या उलट दिसलं असतं: ४० वजनं वेगवेगळी, पण प्रत्येक रनला तीच ४०, त्याच क्रमानं.

आता एकदाच का विचारलं गेलं ते बघ. 'वजन = ...' ही ओळ क्लासच्या अंगात आहे, कुठल्याही डेफच्या आत नाही. क्लासची व्याख्या वाचताना पायथॉन ती ओळ एकदा चालवतो आणि आलेला आकडा क्लासकडं ठेवून देतो. पुढं तू ५ नंबरच्या ट्रॅक्टरला वजन विचारलंस की पायथॉन आधी त्या ट्रॅक्टरकडं बघतो. तिथं वजन सापडत नाही, म्हणून क्लासकडं जातो आणि तिथला आकडा आणून देतो. ६ नंबरला विचारलंस तरी तेच. इनिट मात्र प्रत्येक नवा ट्रॅक्टर तयार होताना चालतं. म्हणून आकडा काढायची ओळ तिथं हवी:

    डेफ __इनिट__(सेल्फ, नंबर):
        सेल्फ.नंबर = नंबर
        सेल्फ.वजन = रँडम.रँडइंट(८, २०)

खात्री करायची असेल तर आकडा काढायच्या ओळीच्या खाली प्रिंट("वजन काढलं") टाक. तुझ्या जुन्या कोडमध्ये ते एकदा छापलं जाईल, नव्यात ४० वेळा. रँडमच्या तक्रारीत मी आधी हेच मोजते, कारण आकड्याकडं नुसतं बघून तो किती वेळा काढला ते कळत नाही.

@टिळकवाडी_कोडर, तुमची ओळ या कोडमध्ये टाकली तर जुनं दुखणं तसंच राहील, कारण वजन इनिटच्या आधीच ठरून बसलंय. आणि दुरुस्त कोडमध्ये टाकली तर गेलेलं दुखणं परत येईल. ४० ट्रॅक्टर एका सेकंदाच्या आत तयार होतात. इंट(टाइम.टाइम()) पूर्ण सेकंदच देतं. म्हणजे ४० वेळा तेच सीड, ४० वेळा त्याच मालिकेचा पहिला आकडा.

दूधगंगाकाठ

अक्का, झालं! वजनं वेगवेगळी आली. खूप आभार.

आणखी एक विचारतो. सरांनी सांगितलं होतं की वजन बाहेरूनही देता आलं पाहिजे, नाही दिलं तरच रँडम घ्यावं. म्हणून आता असं केलं:

    डेफ __इनिट__(सेल्फ, नंबर, वजन=रँडम.रँडइंट(८, २०)):

आणि परत सगळे सारखे. आता तर ओळ इनिटमध्येच आहे की.

हुक्केरीकर

इनिटच्या कंसात आहे, आत नाही. डेफची ओळ वाचतानाच पायथॉन कंसातल्या डिफॉल्टची किंमत काढून ठेवतो, तेही एकदाच. नंतर ट्रॅक्टर कितीही काढ, वजन दिलं नाहीस की ठेवलेलीच किंमत मिळणार. डिफॉल्ट 'नन' (None, म्हणजे काहीच दिलेलं नाही) ठेव आणि आत तपास:

        इफ वजन इज नन:
            वजन = रँडम.रँडइंट(८, २०)
        सेल्फ.वजन = वजन

इथं 'इफ नॉट वजन' असं लिहू नकोस. कुणी रिकामी ट्रॉली दाखवायला मुद्दाम ० दिलं तर ते पुसलं जाऊन रँडम वजन बसेल.

याच घरातली तिसरी चूक आमच्या पोरांच्यात लई बघतोय मी: अड्डा = [ट्रॅक्टर(१)] * ४०. ह्यात ट्रॅक्टर एकच तयार होतोय, यादीत त्याची नोंद ४० ठिकाणी होतीय. एकाचं वजन बदललं की सगळ्यांचं बदलतंय. [रँडम.रँडइंट(८, २०)] * ४० लिहिलं तरी तीच गत, आकडा एकदाच निघतोय. यादीच्या आत फॉर वापरलास ते बरोबर केलंस. फॉरच्या प्रत्येक फेरीला डावीकडचा भाग नव्यानं चालतोय.

खानापूर_मास्तर

धागा वाचून आनंद झाला. खानापूर तालुक्यातल्या शाळेत मी मुलांना स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) शिकवतो आणि तिथंही हाच प्रश्न येतो, म्हणून लिहितो. मुलं एका माशाचे क्लोन करतात आणि प्रत्येक माशाला वेगळा वेग द्यायला बघतात. स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल तयार करताना दोन पर्याय विचारतात: सगळ्या स्प्राइटसाठी (म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या पात्रांसाठी), की फक्त या स्प्राइटसाठी. 'वेग' सगळ्यांसाठी केला असेल तर प्रत्येक नवा क्लोन आधीच्याचा आकडा पुसतो आणि शेवटी सगळे मासे शेवटच्या आकड्यानं पळतात. फक्त या स्प्राइटसाठी केला की प्रत्येक क्लोनला स्वतःची प्रत मिळते. ही प्रत क्लोन जन्मतो त्या क्षणाच्या किमतीनं भरलेली असते. म्हणून रँडम आकडा लूपच्या आधी एकदाच काढला तर व्हेरिएबल बरोबर निवडूनही सगळे मासे सारखेच पळतील. क्लोन म्हणून सुरू होताना चालणाऱ्या ठोकळ्याखाली आकडा काढावा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

पाचवी-सहावीतली मुलं हे चटकन पकडतात. म्हणून मला वाटतं, यात अवघड भाग पायथॉनचा नाही. आकडा कुणाकडं राहतो आणि कधी निघतो, हे दोन्ही प्रश्न मुलांना लवकर विचारायला शिकवले पाहिजेत, तेही त्यांच्या भाषेत. आमच्याकडं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं पुढं बेळगावात कॉलेजला गेली की वर्गात इंग्रजी, बाहेर कन्नड, अशा दोन्हींतून एकदम धडपडत असतात. अशा धाग्यांचा त्यांना खरोखर उपयोग होतो.

टिळकवाडी_कोडर

अक्का, सेकंदाचा मुद्दा पटला. पण मूळ प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. सगळे ट्रॅक्टर एकाच जनरेटरकडून (आकडे काढणाऱ्या यंत्राकडून) आकडे घेत असतील तर ते एकमेकांपासून स्वतंत्र कसे? एकाच मालिकेतले पाठोपाठचे आकडे आहेत ना ते? मला वाटतं प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा रँडम.रँडम() (दुसरा 'आर' कॅपिटल, म्हणजे नवा जनरेटर) द्यावा, तरच खरं स्वातंत्र्य.

मच्छेची_अक्का

हा प्रश्न फार चांगला आहे आणि याचं उत्तर बऱ्याच जणांना उलटं वाटतं. जनरेटरची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी केलेली असते: त्याच्या *एका* मालिकेतले पाठोपाठचे आकडे एकमेकांशी नातं न दाखवणारे असावेत. चाचण्या घेतात त्याही मुख्यतः एका मालिकेच्या. पायथॉनमागं मर्सेन ट्विस्टर नावाचा जनरेटर आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी तो १९९७ साली तयार केला. त्याची मालिका पुन्हा पहिल्यावर यायला २ च्या १९९३७ व्या घातातून एक वजा, इतके आकडे जावे लागतात. ४० ट्रॅक्टरांनी त्यातले पहिले ४० घेतले तर तो एकमेकांशी नातं नसलेल्या आकड्यांचा उत्तम संच आहे.

दोन *वेगळ्या* जनरेटरांच्या मालिकांमध्ये नातं नसेल, याची हमी मात्र सीड कसं दिलं त्यावर ठरते. धोका नेमका तिथंच आहे. पायथॉनमध्ये रिकाम्या कंसानं रँडम.रँडम() केलंत तर प्रत्येकाला ऑपरेटिंग सिस्टीमकडून वेगळी सुरुवात मिळते, नुकसान काही नाही. पण फायदाही नाही, आणि प्रत्येक ऑब्जेक्ट ६२४ आकड्यांची स्थिती सोबत घेऊन फिरतो. दुसऱ्या भाषांत हीच सवय महागात पडते.

हुक्केरीकर

महागात पडते ते मी सांगतो. मी बरीच वर्षं डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत) काम करतोय. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये 'न्यू रँडम()' सीड म्हणून सिस्टीमच्या घड्याळाची टिक घ्यायचं, आणि ते घड्याळ साधारण १५ मिलिसेकंदांनी एकदा पुढं सरकायचं. लूपमध्ये १०० ऑब्जेक्ट केले, प्रत्येकात 'न्यू रँडम()' ठेवलं, की सगळे एका टिकमध्ये जन्मायचे आणि सगळ्यांची मालिका अक्षरशः एकच यायची. कोड बघितला तर शंभर टक्के बरोबर दिसतोय, खरं आकडे सारखे. गंमत म्हणजे डीबगरमध्ये एकेक पायरी चालवली की मधे वेळ जातोय आणि आकडे वेगळे येतात, म्हणून चूक हाताला लागत नव्हती. डॉटनेट कोअरमध्ये हे बदललं, आणि डॉटनेट ६ मध्ये तर 'रँडम.शेअर्ड' म्हणून सगळ्यांनी मिळून वापरायचा तयार जनरेटरच दिला. भाषा करणाऱ्यांनीच सांगितलं की एकच वापरा.

सी शिकणाऱ्यांसाठी: 'एसरँड(टाइम(नल))' ही ओळ मेनमध्ये एकदा, लूपच्या बाहेर. लूपच्या आत टाकली की अक्का म्हणतात तेच, एका सेकंदात सगळे आकडे एक. अजिबात टाकली नाही तर रँड हे एसरँड(१) दिल्यासारखं वागतं, प्रत्येक रनला तीच मालिका.

मच्छेची_अक्का

जावाची गोष्ट आणखी बारीक आहे. तिथं कुणी ऑब्जेक्टचा नंबरच सीड म्हणून देतात: ० नंबरला न्यू रँडम(०), १ नंबरला न्यू रँडम(१). सीड वेगळी आहेत, म्हणजे निभावलं असं वाटतं. पण ०, १, २, ३ ही सीड देऊन प्रत्येकाचा पहिला नेक्स्टडबल (० ते १ मधला रँडम आकडा) छापून बघा. चारही वेळा ०.७३ च्या घरातला आकडा येतो. त्या जनरेटरची स्थिती ४८ बिटांची असते आणि एका आकड्यासाठी एक गुणाकार, एक बेरीज होते. सीडमधला १ चा फरक एका गुणाकारात पुरेसा विस्कटत नाही. ट्रॅक्टरांचं वजन असं काढलं असतं तर सगळे एकाच टनावर आले असते, आणि तेही सीड वेगवेगळी देऊन.

म्हणून, @टिळकवाडी_कोडर: जनरेटर एक, प्रत्येक ऑब्जेक्टनं त्याच्याकडं स्वतः जाऊन आकडा मागायचा. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी. वेगळे जनरेटर लागतात, पण ते वेगळ्या कारणासाठी. दूधगंगाच्या प्रोजेक्टमध्ये ते कारण येणारच आहे, तेव्हा लिहीन.

दूधगंगाकाठ

वाचतोय, वहीत लिहून घेतोय. एक शंका. आता वजनं वेगवेगळी येतात, तरी ७ नंबर आणि २२ नंबर दोन्ही १४ टन आले. ३ आणि ३१ दोन्ही ९ टन. अजून कुठं चूक राहिलीय काय?

खानापूर_मास्तर

चूक नाही. रँडइंट(८, २०) दोन्ही टोकं धरून आकडा देतं, म्हणजे एकूण १३ शक्यता. ४० ट्रॅक्टर आणि १३ वजनं, तर काहींची वजनं जुळल्याशिवाय राहणारच नाहीत. उलट एकही जुळलं नसतं तर चूक नक्की होती.

स्वतंत्र असणं म्हणजे वेगळं असणं असं धरू नकोस. स्वतंत्र म्हणजे ७ नंबरचं वजन कळल्यानं २२ नंबरच्या वजनाबद्दल काहीच कळत नाही. जुळायला बंदी घातलीस तर ते स्वातंत्र्यच जातं, कारण मग ७ नंबरला १४ आल्यावर २२ नंबरला १४ येऊच शकत नाही, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला. शक्यता जास्त असल्या तरी जुळणी आपल्या अंदाजापेक्षा लवकर होते. वर्षाचे ३६५ दिवस असूनही २३ जणांच्या गटात कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते.

शहापूर_मंडळ

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात तांबोळा असतो. भाच्यानं पायथॉनमध्ये तिकिटं काढायचा प्रोग्राम केलाय. एका तिकिटावर कधी कधी तोच आकडा दोनदा येतो. मग आम्हाला तर आकडे वेगळेच पाहिजेत ना?

हुक्केरीकर

मामा, तुमचं बरोबर आहे, तुमच्याकडं नियमच वेगळा. भाच्याला सांगा, रँडइंट नको, 'रँडम.सॅम्पल' वापर. सॅम्पल एकदा उचललेला आकडा परत उचलत नाही. तिकिटावर ३ ओळी, ९ रकाने, एकूण १५ आकडे असतात. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. प्रत्येक रकान्याला लागतील तेवढे आकडे त्याच्या त्याच्या गटातून सॅम्पलनं काढायचे. आकडे पुकारायला मात्र १ ते ९० ची यादी करून 'रँडम.शफल' एकदा, आणि मग यादीतून एकेक काढत जायचं.

एका तिकिटात आकडे वेगळे पाहिजेत, खरं दोन तिकिटांमध्ये काही आकडे जुळले तर ते बरोबरच आहे. अख्खं तिकीट मात्र दुसऱ्यासारखं नको, नाहीतर बक्षिसाच्या वेळी भांडणं होतील. काढलेलं प्रत्येक तिकीट एका सेटमध्ये ठेवून नवीन तिकीट त्यात आधीच आहे काय ते तपासायला लावा.

खानापूर_मास्तर

जरा विषयाला धरूनच एक आठवण देतो. शेतीच्या आकडेवारीत हा प्रश्न संगणकाच्या आधीपासून आहे. पीक कापणी प्रयोगात शेत निवडलं की त्यात नेमका कुठला तुकडा कापायचा हे रँडम आकड्यांच्या जोडीवर ठरतं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडं किती पावलं आणि रुंदीकडं किती पावलं, असे ते दोन आकडे. प्रत्येक शेतासाठी जोडी नवी काढायची. एकच जोडी सगळ्या शेतांना वापरली तर प्रत्येक शेतातला तुकडा कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर येईल, आणि तो बांधाजवळचा निघाला तर सगळ्याच गावांचा अंदाज एका बाजूला झुकेल. क्लासच्या अंगात लिहिलेला आकडा शेतावर असा दिसतो.

हे काम देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मच्छेची_अक्का

छान सांगितलंत मास्तर.

आता वेगळे जनरेटर कधी लागतात ते. मी मशीनशॉपच्या रांगांचं सिम्युलेशन करते, प्रश्न काट्याच्या रांगेसारखाच असतो. दूधगंगा, तुला एक काटा आणि दोन काटे यांची तुलना करायची आहे. एका काट्याचा रन केलास, मग दोन काट्यांचा. दुसऱ्या रनमध्ये थांबायचा वेळ कमी झाला, तर तो दुसऱ्या काट्यामुळं, की त्या रनमध्ये ट्रॅक्टरच हलके आणि सुटे सुटे आले म्हणून? सांगता येणार नाही. न्याय्य तुलना हवी असेल तर दोन्ही रनमध्ये तेच ट्रॅक्टर, तीच वजनं, त्याच वेळा यायला हव्यात. फक्त काटे बदलायचे.

त्यासाठी दोन्ही रनच्या सुरुवातीला एकच सीड दिलं, असं सुचेल. पण प्रोग्रामभर एकच जनरेटर असेल तर ते पुरत नाही. समज, दोन काट्यांच्या रनमध्ये कुठला काटा घ्यायचा हे ठरवायला तू एक जादा रँडम आकडा काढलास. तिथून पुढचे सगळे आकडे एका घरानं सरकले. १२ नंबरच्या ट्रॅक्टरला मिळायचं वजन आता दुसऱ्याच कशाला तरी मिळालं. सीड एक, पण ट्रॅक्टर वेगळे.

म्हणून *कामाप्रमाणे* जनरेटर वेगळे कर, ऑब्जेक्टप्रमाणे नव्हे:

वजनयंत्र = रँडम.रँडम(१०१)
येण्याचंयंत्र = रँडम.रँडम(२०२)
काट्याचंयंत्र = रँडम.रँडम(३०३)

ट्रॅक्टरच्या इनिटमध्ये सेल्फ.वजन = वजनयंत्र.रँडइंट(८, २०). सगळे ट्रॅक्टर वजन त्या एकाच यंत्राकडून घेतात, पण काट्यावरच्या कुठल्याही निर्णयानं त्या यंत्राची मालिका हलत नाही. काट्यावर लागणारे मिनिटंही ट्रॅक्टर तयार होतानाच काढून त्याच्याजवळ ठेव, काट्यावर पोचल्यावर काढू नकोस. म्हणजे रांगेचा क्रम बदलला तरी त्याचे मिनिटं त्याच्याबरोबरच राहतील.

आणि रँडम.सीड(...) ही ओळ कुठल्याही इनिटमध्ये किंवा लूपमध्ये येऊ देऊ नकोस. रँडम.रँडइंट, रँडम.सॅम्पल ही सगळी फंक्शनं आतून एकच सामायिक जनरेटर वापरतात. एका ऑब्जेक्टनं सीड दिलं की अख्ख्या प्रोग्रामची मालिका मागं जाते.

टिळकवाडी_कोडर

अक्का, आता कळलं. ऑब्जेक्टप्रमाणे वाटणी करायची मला सवय आहे, कामाप्रमाणे हा विचारच डोक्यात आला नव्हता. दूधगंगा, ट्रॅक्टर कधी येतात ते कसं काढतोयस? दिवसाच्या १४४० मिनिटांतलं कुठलंही एक मिनिट?

दूधगंगाकाठ

हो, रँडइंट(०, १४३९).

मच्छेची_अक्का

तुला दिवसाला बरोबर ४० ट्रॅक्टर येतात असं धरायचं असेल तर चालेल, मग त्या वेळा चढत्या क्रमानं लाव. पण रोज ४० च येत नसतील तर दोन ट्रॅक्टरांमधलं अंतर काढत जा: येण्याचंयंत्र.एक्सपोव्हेरिएट(१/३६) म्हणजे सरासरी ३६ मिनिटांनी एक. कंसात सरासरीचा व्यस्त जातो, तिथं नीट बघ. अंतरं मिळवत गेलास की वेळा आपोआप क्रमानं येतात आणि दिवसाची संख्याही रोज थोडी बदलते.

अथणीचा_ऊसवाला

मी संगणकवाला नाही, मुलगी शिकते म्हणून हे वाचतो. तुम्ही ट्रॅक्टर स्वतंत्र म्हणता ते मला पटत नाही. एका फडातली टोळी एकदम तोडते, एकदम भरते, चार ट्रॅक्टर एकामागून एक निघतात. पाऊस झाला की चिखलात सगळ्यांच्याच गाड्या फडात अडकतात, त्या दिवशी अड्डा मोकळा. गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागी) बिघाड झाला तर वजन झालेल्या गाड्यासुद्धा आत उभ्या राहतात आणि मागं रांग वाढते. शेतकऱ्याचं नुकसान थांबण्यातच होतं, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं. पोरानं विषय चांगला घेतलाय, पण हे त्यात आलं पाहिजे.

मच्छेची_अक्का

काका, तुम्ही सांगितलेलं या प्रोजेक्टला सगळ्यात उपयोगाचं आहे. कोडमध्ये आकडे स्वतंत्र निघणं एक, आणि खऱ्या गाड्या स्वतंत्र असणं दुसरं.

दूधगंगा, काकांचं म्हणणं असं घाल. 'दिवस' नावाचा क्लास कर. त्याच्या इनिटमध्ये त्या दिवसाचा पाऊस एकदाच काढ, होय किंवा नाही. प्रत्येक ट्रॅक्टर तयार करताना तो दिवस त्याला दे. पाऊस सगळ्यांचा एकच असायला हवा, म्हणून तो ट्रॅक्टरच्या इनिटमध्ये काढायचा नाही, नाहीतर ५ नंबरला पाऊस आणि ६ नंबरला ऊन असं होईल. टोळीचंही तसंच: 'टोळी' तयार होताना निघायची वेळ एकदा काढ, तिच्या चार ट्रॅक्टरांना तीच वेळ दे, आणि वाटेत लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा काढ. कुठला आकडा किती जणांचा मिळून आहे हे आधी कागदावर लिही. आकडा काढायची ओळ कुठं बसवायची ते त्यावरून ठरेल. टोळ्या घेतल्यास की मी वर दिलेली एक्सपोव्हेरिएटची ओळ ट्रॅक्टरांमधल्या अंतराला न वापरता टोळ्यांमधल्या अंतराला वापर.

दूधगंगाकाठ

काका, तुमचे आभार. आमच्या घरीही ऊस आहे, तरी टोळीचं मला सुचलं नव्हतं. गव्हाणीचा बिघाडपण घालतो.

अक्का, शेवटचं विचारतो. व्हायव्हाला सर विचारतील, सीड १०१ च का? दुसरं घेतलं असतं तर उत्तर बदललं असतं की नाही?

मच्छेची_अक्का

बदललं असतं, आणि तसं स्पष्ट सांग. एक सीड म्हणजे अड्ड्यातला एक दिवस. एका दिवसावरून दुसरा काटा बांधा असं कुणी म्हणू नये. बाहेर एक लूप लाव, दिवस १ ते २००. प्रत्येक दिवसाला तिन्ही यंत्रांना त्या दिवसाची सीड दे (१००० + दिवस, २००० + दिवस, ३००० + दिवस असं चालेल, पायथॉन जवळजवळची सीडही नीट विस्कटून घेतो). त्या दिवसाचे तेच ट्रॅक्टर आधी एका काट्यावरून, मग दोन काट्यांवरून सोड आणि थांबण्यातला फरक लिहून ठेव. शेवटी २०० फरक मिळतील. त्यांची सरासरी दे आणि त्यांची पसरणही दे. किती दिवशी दुसऱ्या काट्यानं फरकच पडला नाही तेही मोज. माझा अंदाज आहे की पावसाच्या आणि गव्हाण बंद असलेल्या दिवशी तो पडणार नाही, कारण त्या दिवशी अडथळा काट्यावर नसतोच. तसं निघालं तर रिपोर्टमध्ये तो भाग सगळ्यात आधी लिही.